ईएमआय आणि बयाणा

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबे उघडले की पहिल्या पाच मिनिटांत तीन विषय उरकतात. एक, ठाण्यात टू बीएचके घेणं आता स्वप्नातसुद्धा परवडत नाही. दोन, एसआयपी चालू ठेवायची की मार्केट पडेपर्यंत थांबवायची. आणि तीन, सरकार आपल्या टॅक्सचे पैसे फुकट वाटत सुटलंय. तिसऱ्या विषयावर सगळ्यांचं एकमत असतं, त्यामुळे तो कॉफीपर्यंत पुरतो.

हल्ली त्यात चौथ्या विषयाची भर पडलीय. जव्हारचा प्लॉट! 'मुंबईपासून जेमतेम तीन-साडेतीन तास, थंड हवा, धबधबे, एनए प्लॉट, आत्ता घ्या, पोर्ट आल्यावर डबल' अशा मेसेजची आमच्या ग्रुपवर महिन्यातून एक फेरी तरी होतेच. पोर्ट म्हणजे डहाणूजवळचं वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी त्याचं भूमिपूजन केलं आणि तेव्हापासून पालघर जिल्ह्यातला प्रत्येक माळ 'अपकमिंग लोकेशन' झाला.

जव्हार आहेच तसं. मुकणे राजांचं संस्थान, जयविलास पॅलेस, १६६४ मध्ये सुरतेला जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले ते शिरपामाळ, दाभोसाचा धबधबा, पावसाळ्यात ढगात बुडालेला हनुमान पॉइंट. उगाच नाही कुणी त्याला 'ठाण्याचं महाबळेश्वर' म्हणत. (२०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, पण टोपणनाव काही बदललं नाही.) तिथून पुढे घाट चढत गेलं की मोखाडा, खोडाळा आणि मग पार त्र्यंबकेश्वर. रस्ता सॉलिड सुंदर आहे. मीही गेलेय, फोटो टाकलेत, लाइक्स घेतलेत.

पण माझं तिकडे जाणं फक्त धबधब्यांसाठी होत नाही. माझा मावसभाऊ मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मास्तर आहे. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा तरी चक्कर असते. आणि पर्सनल फायनान्सबद्दल मला जे काही थोडंफार कळलंय, त्यातलं निम्मं गुलाबी पेपरांनी शिकवलं आणि निम्मं त्याच्या शाळेच्या ओट्यावर बसून कळलं.

मागे एकदा दिवाळीनंतर गेले होते. येताना दिसलं की पाड्यातली अर्धी घरं बंद. दाराला कुठे कुलूप, कुठे नुसती कडी, कुठे काटक्यांचा आडोसा. मी विचारलं, "अरे, लग्नाबिग्नाला गेलेत का सगळे?"

"नाही गं ताई," तो म्हणाला, "जगायला गेलेत."

हा त्याचा विनोद नव्हता. तिकडे हाच शब्द आहे. भात, नाचणी, वरई निघाली, दिवाळी झाली की माणसं म्हणतात, 'जगायला चाललो.' आपण बंगळुरूला जातो ते करिअर करायला, कॅनडाला जातो ते सेटल व्हायला. जव्हार-मोखाड्याची माणसं भिवंडीला, वसईला, कल्याणला जातात ती जगायला. वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर. पाऊस तोंडावर आला की परत. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने घर बंद.

आता यातला पैशाचा भाग बघा, कारण हा कॉलम पैशाचा आहे.

भट्टीवरचं काम जोडीनं मिळतं. नवरा आणि बायको मिळून एक जोडी. मालक किंवा त्याचा मुकादम पावसाळ्यात, गणपती-दसऱ्याच्या आसपास पाड्यावर येतो. त्या दिवसांत घरातलं धान्य संपलेलं असतं, नवीन पीक अजून शेतात उभं असतं, कुणी ना कुणी तापानं पडलेलं असतं. तो जोडीच्या हातात रोख पैसे ठेवतो. याला म्हणतात बयाणा. कुठे उचल म्हणतात. दिवाळीनंतर जोडी भट्टीवर जाते. तिथे हजार विटांमागे ठरलेला दर. पण तो दर हातात येत नाही. आठवड्याला मिळते ती खर्ची, म्हणजे तेल-मीठ-तांदळापुरते पैसे. हंगाम संपताना हिशेब होतो. पाडलेल्या विटा, वजा बयाणा, वजा खर्ची, वजा आजारपणाचे खाडे, वजा पावसात भिजलेल्या विटा. उरले तर हातात. नाही उरले तर पुढच्या वर्षाच्या खात्यावर.

ऐकताना ओळखीचं वाटतंय ना? आधी रक्कम हातात, मग वर्षानुवर्षं फेड. बॉस, हाच तर होम लोनचा फंडा! भविष्यातली मेहनत आज विकायची. आपणही तेच करतो. समजा ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता ४३,३९१ रुपये. २० वर्षांत आपण बँकेला एक कोटी चार लाखांच्या वर परत करतो. घर एक आणि किंमत दोन घरांची. कॅन्टीनमध्ये आम्ही स्वतःला गमतीनं 'बँकेचे वेठबिगार' म्हणतो. मीही म्हणायचे. आश्रमशाळेच्या ओट्यावरून परत आल्यावर मला तो विनोद करवत नाही.

कारण फरक आहे. तो रकमेत नाही, कागदात आहे.

आपल्याला लोनच्या पहिल्या दिवशी व्याजदर माहीत असतो. मुदत माहीत असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला रिटेल कर्जाची सगळी मुख्य माहिती, सगळ्या खर्चासकट, एका पत्रकात लिहून द्यावी लागते. फ्लोटिंग दराचं घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँका दंड लावू शकत नाहीत, हे २०१२ पासून आहे. २०२५ मध्ये रेपो रेट चार वेळा खाली आला, साडेसहावरून सव्वापाचवर. ही सव्वा टक्क्याची सूट पूर्ण पोचली तर वरच्या कर्जाचा हप्ता जवळजवळ ३,९०० रुपयांनी उतरतो, आणि तो उतरला की नाही हे आपण जेवता जेवता मोबाइलवर बघतो. नाही उतरला तर बँकेला मेल ठोकतो. नोकरी आवडली नाही तर बदलतो. कर्ज तेच राहतं, मालक बदलतो!

बयाण्याच्या कर्जात मालक बदलता येत नाही. कारण कर्ज देणारा आणि काम देणारा एकच. हिशेबाची वही त्याच्याकडे, पेन त्याच्याकडे, विटा मोजणारा माणूस त्याचा. व्याज किती हा प्रश्नच नाही, कारण व्याज असं वेगळं लिहिलेलंच नसतं. ते दरात मुरलेलं असतं. पैशाची गरज असलेल्या माणसाला दरावर घासाघीस करता येत नाही, एवढंच त्याचं गणित.

सगळे मालक वाईट असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं त्याच जोड्या त्याच भट्टीवर जातात, दुखण्याखुपण्याला तोच मालक धावून येतो, असंही तिकडे ऐकलंय. पण चांगुलपणावर चालणारा हिशेब म्हणजे हिशेब नव्हे. आपण आपला पगार बॉसच्या चांगुलपणावर सोडतो का? पे-स्लिप मागतो.

कागद नसला की काय होतं, हे २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या आसे गावातून आलेल्या बातमीनं दाखवलं. एका कातकरी मजुरानं मुलाच्या कफनासाठी ५०० रुपये उसने घेतले होते. पाचशे. आपल्या दोन कॉफी आणि एक सँडविच. ते फेडण्यासाठी तो देणाऱ्याकडे राबत राहिला, पाचशे काही फिटले नाहीत, आणि त्या जुलैत त्यानं आयुष्य संपवलं. पुढे वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. तो कायदा १९७६ चा आहे. पंचेचाळीस वर्षं जुना कायदा आणि पाचशे रुपयांचं कर्ज, दोन्ही एकाच तालुक्यात.

याची मुळं जुनी आहेत. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात एके काळी 'लग्नगडी' असायचे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं, कधी आयुष्यभर. १९४५ मध्ये डहाणू, उंबरगावचे वारली उठले ते या लग्नगडीविरुद्ध आणि वेठीविरुद्ध. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले, आणि गोदावरीबाईंनी ती हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली. आजही कित्येक आदिवासी जोडपी लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून आधी संसार थाटतात आणि पैसे जमले की मग लग्न लावतात, कधी स्वतःच्या मुलांच्या देखत. आपल्याकडे त्याला 'लिव्ह-इन' म्हणतात आणि त्यावर वेब सिरीज निघते. उलट आपल्यातले काही जण संगीत, प्री-वेडिंग शूट आणि लोणावळ्याच्या रिसॉर्टसाठी पर्सनल लोन काढतात. मला विचाराल तर दोघांत जास्त फायनान्शियल डिसिप्लिन कुणाकडे आहे, हे उघड आहे.

आता येऊ या तिसऱ्या विषयावर. फुकट वाटण्यावर.

त्या बंद पाड्यात काही घरं पक्की होती. विटांची, प्लॅस्टर केलेली, भिंतीवर योजनेचं नाव रंगवलेली. ही घरकुलं. आधीची इंदिरा आवास योजना, तिचीच २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण झाली. किमान २५ चौरस मीटरचं घर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. त्यासाठी सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये. वर शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची ९० दिवसांच्या आसपासची मजुरी. २०२५ मध्ये राज्य सरकारनं त्यात ५० हजारांची भर जाहीर केली. कातकऱ्यांसाठी २०२३ पासून जनमन योजना आली, तिच्यात घराला दोन लाख. पैसे एकदम मिळत नाहीत. जोतं झालं, फोटो काढा, हप्ता. भिंती झाल्या, फोटो काढा, पुढचा हप्ता.

"घर फुकट मिळतं यांना," आमच्या टेबलवरचं ठरलेलं वाक्य.

ठीक आहे, हिशेब करू. याच प्रधानमंत्री आवास योजनेची एक शहरी बहीण होती. व्याज सवलतीची. २०१७ ते मार्च २०२१ या काळात वर्षाला १८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबालासुद्धा घरकर्जावर २ लाख ३० हजारांपर्यंत सवलत मिळत होती. ६ ते १२ लाखवाल्यांना २ लाख ३५ हजारांपर्यंत. माझ्या ओळखीत तीन जणांनी घेतली. हक्कानं घेतली, आणि का नाही घ्यायची? पण आकडा बघा. मोखाड्यातल्या अख्ख्या घराला १ लाख २० हजार आणि ठाण्यातल्या फ्लॅटच्या नुसत्या व्याजाला २ लाख ३० हजार.

अजून एक. करोनाच्या वर्षात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं घरखरेदीचं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं. रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेर रांगा लागल्या होत्या, आठवतंय? ८० लाखांच्या फ्लॅटवर तीन टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. दोन घरकुलं. तेव्हा कुणीही 'फुकट वाटतायत' म्हटल्याचं मला आठवत नाही. पेपरात हेडलाइन होती, 'घरखरेदीदारांना दिलासा'. आपल्याला मिळतो तो दिलासा, त्यांना मिळते ती रेवडी. भाषा मोठी गमतीची असते.

मला सरकारची वकिली करायची नाहीये. घरकुलावर माझाही आक्षेप आहे, फक्त वेगळा. सरकार घर बांधायला पैसे देतं, पण त्या घरात राहायला पैसे कुठून आणायचे हे बघत नाही. कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं सारवलेलं जुनं घर बांधायला रानातलं सामान आणि शेजाऱ्यांचे हात लागायचे. घरकुलाला सिमेंट, सळई, वाळू, वाहतूक लागते, आणि पाड्यापर्यंत रस्ता नसेल तर शेवटचं अंतर डोक्यावर. अनुदान कमी पडलं की उरलेले कुठून आणायचे? बयाण्यातून. म्हणजे स्वतःचं पक्कं घर पुरं करण्यासाठी सहा महिने दुसऱ्यांच्या पक्क्या घरांच्या विटा पाडायला जायचं आणि आपलं घर कुलूपबंद ठेवायचं.

आपल्याकडेही बंद घरं आहेत म्हणा. आमच्याच सोसायटीत काही फ्लॅट वर्षानुवर्षं अंधारात आहेत. इन्व्हेस्टमेंट! तिथे घर बंद असतं कारण मालकाकडे आणखी घरं आहेत. इथे बंद असतं कारण मालकाला तिथे राहणं परवडत नाही. घराची खरी किंमत काढायची असेल तर हा कॉलम एक्सेलमध्ये घालायला हवा. आपण तो कधीच घालत नाही.

मग लाडकी बहीण? जुलै २०२४ पासून महिन्याला १,५००. निवडणुकीत २,१०० चं आश्वासन. टीव्हीवर दोन्ही बाजूंनी इतकी आरडाओरड झालीय की मी नवीन काय सांगणार. मला एवढंच सांगायचंय की मोखाड्यात बसून बघितलं तर १,५०० या आकड्यापेक्षा 'महिन्याला' हा शब्द मोठा आहे.

आपलं सगळं आयुष्य एक तारखेवर उभं आहे. पगार एकला, हप्ता पाचला, एसआयपी सातला. आपण शिस्तीचे आहोत म्हणून नव्हे, पगाराची तारीख पक्की आहे म्हणून शिस्त जमते. जव्हार-मोखाड्यात पैसा येतो तो हंगामानं, आणि गरज येते ती रोज. सगळ्यात तंगीचे महिने जुलै ते ऑक्टोबर. सरकारला हे कालपरवा कळलेलं नाही. १९७८ पासून आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना होती, ती याच महिन्यांसाठी. करोनाच्या काळात, २०२० मध्ये तिचं ४,००० रुपयांचं अनुदान झालं, निम्मं रोख आणि निम्मं सामानात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली तेव्हा मंत्र्यांच्या गाड्या चिखल तुडवत तिथे पोचल्या होत्या. तेव्हापासून दर पावसाळ्यात कुणाची ना कुणाची गाडी जातेच.

आणि रोजगार हमी? ती तर आपल्या महाराष्ट्राची देन. १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि पुढे २००५ मध्ये केंद्रानं देशभर नेली. २०२५-२६ मध्ये राज्यातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये. शंभर दिवसांचे ३१,२०० होतात. गावातच काम, पोरं शाळेत, घर उघडं. मग माणसं भट्टीवर का जातात?

हा प्रश्न मी भावाला विचारला होता. तो म्हणाला, "ताई, शेठ कामाच्या आधी पैसे देतो. सरकार कामाच्या नंतर देतं."

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात याहून महत्त्वाचं वाक्य नाही. कायदा म्हणतो, हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी खात्यात पडली पाहिजे. पण हजेरी, मोजमाप, खात्याला आधार, बँकेचं गाव दूर, असं करत करत पंधराचे तीस कधी होतात कळत नाही. पोटाला पंधराच काय, पाच दिवसही थांबता येत नाही. शेठचे पैसे महाग आहेत, पण आज आहेत. सरकारचे स्वस्त आहेत, पण येतील तेव्हा. आपणही हेच करतो हो. महिन्याच्या पंचवीस तारखेला क्रेडिट कार्ड घासतो ना? छत्तीस-बेचाळीस टक्के व्याज माहीत असूनसुद्धा?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात शंभराऐवजी १२५ दिवस आहेत, खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यांवर आहे, आणि पेरणी-कापणीच्या काळात वर्षाला ६० दिवसांपर्यंत काम थांबवण्याची मुभा आहे. चर्चा सगळी नावावरून झाली, दिवसांवरून झाली. माझा प्रश्न साधा आहे. पैसे कधी येणार? दिवस १२५ करा नाहीतर २००, मुकादम पाड्यावर यायच्या आधी सरकारचे पैसे पोचले नाहीत तर जोडी त्याच्याबरोबर जाणारच. मत मागायला येणाऱ्या कुठल्याही पक्षाला विचारायचा प्रश्न 'किती देणार' हा नव्हेच. 'कोणत्या आठवड्यात देणार' हा आहे.

एवढं झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, "पण आपला काय संबंध?"

संबंध सकाळी नळ सोडला की येतो. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे. शंभर मीटरहून उंच. २०१४ मध्ये सुरू झालं आणि दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देतं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये पाण्याचे टँकर फिरतात. बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं हंडा भरतात. मुंबईकरांच्या सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात पाण्याची एक ओळ असते. ती इतकी छोटी असते की त्यावर आपण कधी भांडतही नाही, पार्किंगवर भांडतो.

दुसरा संबंध विटांचा. टॉवरच्या भिंती आता ब्लॉकच्या किंवा सरळ काँक्रीटच्या होतात हे खरं. पण रो-हाउस, बंगले, चाळी, कंपाउंड वॉल, सेकंड होम, सगळीकडे लाल वीट आहेच. आपण घराचा दर चौरस फुटात बोलतो. त्या फुटात कुणाचे तरी दिवाळी ते जून आहेत.

आणि तिसरा संबंध त्या प्लॉटचा, जिथून आपण सुरुवात केली. आमच्या ग्रुपवर मी जे लिहिलं तेच इथे लिहिते. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे दहांतले नऊ जण आदिवासी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. एजंट 'साठेखत करून ठेवू, नंतर बघू' म्हणाला तर चहा पिऊन उठा. सातबारा स्वतः वाचा, इतर हक्कांचा रकाना वाचा, जुने फेरफार काढा. वनहक्क कायद्यानं, म्हणजे २००६ च्या कायद्यानं मिळालेला प्लॉट वारसानं पुढे जातो, विकता येतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना आपली जमीन खासगी माणसाला भाडेपट्ट्यानं देता येईल अशी घोषणा केली, आणि त्यावर आदिवासी संघटनांनी लगेच आवाज उठवला. का, हे बयाण्याची पद्धत कळली की वेगळं सांगायला नको. जमीन भाड्यानं देणारा तंगीच्या महिन्यात सही करणार असेल, तर भाडं कोण ठरवणार?

हे वाचून 'तिकडे सगळं रडगाणंच आहे' असं वाटू देऊ नका. जव्हार-विक्रमगडच्या पट्ट्यात कित्येक शेतकऱ्यांनी मोगरा लावलाय. पहाटे कळ्या खुडायच्या, गाडीवर टाकायच्या, थेट दादरचं फुलमार्केट. आपण ट्रेनमध्ये ज्या गजऱ्याच्या वासानं मान वळवतो, त्यातला काही जव्हारचा असतो. मोगऱ्यानं कुणी करोडपती होत नाही. पण हंगामात रोजचे थोडे पैसे येतात, आणि ते नेमके भट्टीच्या महिन्यांत येतात. काजू-आंब्याच्या वाड्यांनीही कित्येक घरांत हेच केलं. ज्या घराला असा रोजचा आधार मिळतो, त्याला मुकादमाला 'नाही' म्हणायची सोय होते. भाऊ सांगतो, शाळेच्या हजेरीत कुणाच्या घरी पाणी आणि मोगरा आहे ते दिसतं. ती पोरं डिसेंबरात गळत नाहीत.

म्हणजे उत्तर आहे. ते मोठ्या आकड्यात नाही, वेळेवर येणाऱ्या छोट्या आकड्यात आहे. आपण तरी काय वेगळं करतो? एसआयपीचा अख्खा धर्म हाच ना!

तर या आठवड्यापुरतं माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी घरकामाच्या मावशींना, ड्रायव्हरला किंवा फ्लॅटचं काम करणाऱ्या गवंड्याला उचल द्याल, तेव्हा एका कागदावर रक्कम, तारीख आणि दर महिन्याला किती कापणार ते लिहा. दोन प्रती करा. एक त्यांना द्या, आणि वाचून दाखवा. रिझर्व्ह बँकेला आपल्यासाठी हे करायला २०२४ उजाडलं. आपल्याला दोन मिनिटं लागतील.

आणि जव्हारला जरूर जा. दाभोसा पावसाळ्यात बघा, मोखाड्याचा बोहाडा जमला तर बघाच. दिवाळीनंतर गेलात आणि वाटेत एखादा पाडा शांत दिसला, तर गाडी थांबवून 'किती निवांत आहे ना' असा फोटो टाकण्याआधी एकदा दारांच्या कड्या बघा.